ग्रामसभा : मागच्या रांगेतला आवाज

ग्रामसभेचे दृश्य राज्यात कोठेही गेले तरी साधारण सारखेच दिसते. समोर टेबल, त्यामागे सरपंच आणि ग्रामसेवक, बाजूच्या खुर्च्यांवर सदस्य आणि गावातील प्रतिष्ठित मंडळी, सतरंजीवर उरलेले गावकरी, आणि दाराशी किंवा व्हरांड्याच्या कडेला, पदर सावरून बसलेल्या महिला. बोलणारे पाच-सहा जण, आणि तेही बहुधा दर वेळचेच. बाकीचे सही किंवा अंगठा करून येतात, ऐकतात आणि उठून जातात. सभा संपल्यावर मात्र पाणवठ्यावर, पिठाच्या गिरणीत आणि एस.टी.च्या थांब्यावर तीच सभा पुन्हा भरते, आणि तेथे सगळेच बोलतात. ज्यांना मत आहे त्यांना ते सभेत का मांडता येत नाही, आणि ते मांडता यावे म्हणून आजवर काय काय करून पाहिले गेले, हा पंचायत राज्याच्या अभ्यासातील एक जुना आणि महत्त्वाचा प्रश्न आहे.

कायद्याने दिलेली जागा

७३ वी घटनादुरुस्ती १९९२ मध्ये संमत झाली आणि २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. तिने ग्रामसभेला घटनात्मक स्थान दिले. गावाच्या मतदारयादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सदस्य असते. तिला निवडून यावे लागत नाही की कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीचा कारभार १९५८ च्या अधिनियमानुसार चालतो. वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे त्यानुसार बंधनकारक असून, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी त्या घेण्याचा प्रघात आहे. सभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० व्यक्ती, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी धरली जाते.

यातील गणपूर्तीची अट नीट पाहण्यासारखी आहे. कायदा उपस्थिती मोजतो. बोलणे मोजत नाही, आणि मोजूही शकत नाही. शंभर माणसे जमली व त्यांतील चौघेच बोलले, तरी ती सभा कायद्याच्या दृष्टीने परिपूर्ण ठरते. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेला जाणाऱ्या शहरी वाचकाला हा अनुभव परका वाटू नये.

तरीही कायदेकर्त्यांना या अडचणीची जाणीव नव्हती असे म्हणता येणार नाही. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद महाराष्ट्राने केली ती याच जाणिवेतून. पुढे १४ व्या वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतींकडे येऊ लागला, तेव्हा ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमात विकास आराखडा ठरविण्याआधी महिला सभेबरोबरच बालसभा आणि वंचित घटकांची सभा घेण्याची पद्धत आली. मोठ्या सभेत ज्यांचा आवाज निघत नाही, त्यांना आधी छोट्या आणि आपल्याच माणसांच्या सभेत बोलू द्यावे, हे त्यामागील सूत्र होय. ते योग्य आहे. मात्र अनेक गावांत महिला सभा ग्रामसभेच्या आधी तासभर, त्याच जागी आणि त्याच रजिस्टरवर सह्या घेऊन उरकली जाते, आणि अशा वेळी सूत्र कागदावरच राहते.

संकोच की सावधगिरी?

न बोलणाऱ्या माणसाला ‘लाजाळू’ म्हणून मोकळे होणे सोपे असते. ग्रामसभेच्या बाबतीत हा शब्द अपुरा आहे. सभेत सासरा, दीर, चुलतसासरा बसलेले असताना सुनेने उभे राहून गटाराच्या कामाचा हिशेब विचारणे, ही केवळ स्वभावाची गोष्ट नव्हे. ज्याच्या शेतावर उद्या मजुरीला जायचे आहे, त्याच्याच विरोधात आज सभेत बोलणे शेतमजुराला परवडत नाही. घरकुलाच्या यादीत नाव यायचे असेल तर यादी करणाऱ्याला दुखवायचे नाही, हे गावात कोणालाही शिकवावे लागत नाही. शहरातील सभेतून उठून माणूस आपापल्या दाराआड जातो. गावातील सभेचे पडसाद विहिरीवर, बांधावर आणि लग्नाच्या पंगतीतही उमटतात.

त्यात भाषेची भर पडते. ‘लेखाशीर्ष’, ‘प्रशासकीय मान्यता’, ‘अखर्चित निधी’ अशा शब्दांत वाचून दाखवलेल्या विषयपत्रिकेवर प्रश्न विचारायचा, तर आधी ती समजली पाहिजे. मेळघाटातील कोरकू किंवा गडचिरोलीतील गोंडी भाषकाला तर प्रमाण मराठी हीच दुसरी भाषा असते. आपण चुकीचे बोललो तर लोक हसतील, ही भीती येथे काल्पनिक नसते. हसणारे समोरच बसलेले असतात.

वेळेचाही प्रश्न आहेच. सकाळी दहा-अकराला भरणारी सभा म्हणजे मजुरीवर जाणाऱ्यांनी त्या दिवसाच्या रोजावर पाणी सोडणे. स्वयंपाक, पाणी, जनावरे ही कामे ज्यांच्या वाट्याला आहेत, त्यांना तर कोणतीच वेळ सोयीची नसते.

मौन म्हणजे मत नसणे नव्हे, याचा पुरावा महाराष्ट्राला दारूबंदीच्या मतदानाने दिला. ‘उभी बाटली, आडवी बाटली’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत गावातील २५ टक्के महिलांनी मागणी केल्यास दारूच्या दुकानाबाबत गुप्त मतदान घेतले जाते आणि एकूण मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होते. हात वर करायचा नाही, नाव सांगायचे नाही, नवऱ्याला उत्तर द्यायचे नाही. ज्या महिलांनी ग्रामसभेत कधी तोंड उघडले नव्हते, त्यांनी अनेक गावांत पडद्याआड आपले म्हणणे स्वच्छ सांगितले. अर्थात गुप्त मतदानाने ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगता येते. पाण्याची टाकी कोठे बांधावी, हे तेथे सांगता येत नाही. त्यासाठी बोलावेच लागते.

लहान गट, मोठा आवाज

समूहात कोण किती बोलते, याचा पद्धतशीर अभ्यास हार्वर्ड विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट बेल्स यांनी १९५० च्या सुमारास केला. गट जसजसा मोठा होतो, तसतसे बोलणे मोजक्या व्यक्तींकडे एकवटत जाते आणि उरलेले श्रोते होतात, असे त्यातून दिसले. दीडशे माणसांच्या सभेत बुजऱ्या माणसाला ‘बोला, बोला’ असा आग्रह करण्यापेक्षा सभाच लहान करणे अधिक उपयोगी का पडते, याचे उत्तर यात आहे.

केरळने नेमके तेच केले. तेथे ऑगस्ट १९९६ मध्ये लोकनियोजन मोहीम सुरू झाली आणि राज्याच्या योजना खर्चाचा ३५ ते ४० टक्के हिस्सा स्थानिक संस्थांकडे सोपविण्याचा निर्णय झाला. खर्च कशावर करायचा, हे ग्रामसभांनी सुचवायचे होते. पण शेकडो लोकांच्या सभेत ते कसे व्हावे? तेव्हा सभेची रचनाच बदलण्यात आली. प्रारंभी सर्वांची एकत्र बैठक, मग शेती, पाणी, शिक्षण, आरोग्य अशा विषयांनुसार लहान गट, आणि शेवटी पुन्हा सर्व एकत्र. प्रत्येक गटात प्रशिक्षित कार्यकर्ते चर्चा चालवीत आणि काय विचारायचे याची प्रश्नावली त्यांच्या हाती आधीच दिलेली असे. महिलांच्या विकासासाठी वेगळा गट होता. भाषण करण्याची गरजच या रचनेने काढून टाकली. वीस-पंचवीस जणांच्या वर्तुळात कोणी उभे राहत नाही. बसल्या जागेवरून शेजारणीशी बोलावे तसे बोलता येते. पुढे १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘कुटुंबश्री’ने महिलांचे शेजारगट उभे केले आणि ग्रामसभेला येण्याआधीच बोलण्याची सवय त्यांना लावली.

महाराष्ट्रातही बचत गटांनी हे काम केले आहे, जरी त्यांचा उद्देश पैशाचा होता. नाबार्डने १९९२ मध्ये बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक प्रकल्प हाती घेतला. दहा-वीस जणींनी ठरलेल्या दिवशी जमायचे, प्रत्येकीने आपले नाव सांगायचे, रक्कम मोजून द्यायची, कर्ज कशासाठी हवे ते सांगायचे. यातील पहिली पायरी, म्हणजे स्वतःचे नाव सांगणे, ही शहरी वाचकाला क्षुल्लक वाटेल. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची सून’ म्हणून हाक ऐकण्यात वर्षे गेलेल्या बाईला चारचौघांत स्वतःचे नाव उच्चारणे क्षुल्लक नसते. समाजशास्त्रज्ञ परोमिता सन्याल यांनी पश्चिम बंगालमधील अशा गटांचा अभ्यास केला. कर्जाच्या रकमेइतकेच, किंबहुना काही बाबतींत अधिक महत्त्व नियमित एकत्र येण्याला आहे, असे त्यांना आढळले. घरातून बाहेर पडण्याचे रीतसर कारण मिळते आणि बोलणे अंगवळणी पडते.

आदिवासी क्षेत्रांत हाच विचार कायद्यात उतरला. १९९६ च्या पेसा कायद्याला अनुसरून महाराष्ट्राने २०१४ मध्ये नियम केले आणि त्यानुसार महसुली गावाऐवजी पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा मान्य होऊ शकते. पाच पाड्यांच्या एकत्र सभेत मोठ्या गावातील मंडळी बोलत आणि दूरच्या पाड्यावरचे लोक ऐकत. पाड्याच्या सभेत ऐकायला फक्त पाड्यातलेच असतात, आणि भाषाही त्यांची असते.

मेंढा (लेखा) : अभ्यासाची सवय

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे सुमारे पाचशे वस्तीचे गोंड आदिवासींचे गाव. सामूहिक वनहक्क सर्वप्रथम मिळविणाऱ्या देशातील गावांत त्याची गणना होते. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनक्षेत्रावरील हक्क गावाला मिळाला. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही या गावाची घोषणा राज्यभर पोहोचली. देवाजी तोफा यांचे नेतृत्व आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची साथ यांविषयी पुष्कळ लिहिले गेले असून मिलिंद बोकील यांचे ‘गोष्ट मेंढा गावाची’ हे पुस्तकही प्रसिद्ध आहे. येथे मुद्दा आहे तो गावाच्या सभेच्या दोन रीतींचा.

पहिली रीत अभ्यासगटाची. अभ्यासगटात एखाद्या विषयावर माहिती गोळा होते, बाहेरचे जाणकार येतात, चर्चा होते. पण निर्णय घेतला जात नाही. निर्णय ग्रामसभेचा. ही विभागणी वरवर तांत्रिक वाटते, परंतु बुजऱ्या माणसाच्या दृष्टीने ती फार मोलाची आहे. ज्या बैठकीत काही ठरणारच नाही, तेथे चुकीचे बोलण्याने काही बिघडत नाही. शंका विचारता येते, मत बदलता येते. सभेच्या दिवशी विषय नवा राहत नाही.

दुसरी रीत सर्वसहमतीची. बहुमताने निर्णय न घेता सर्वांचे एकमत होईपर्यंत थांबायचे, असा गावाचा नियम आहे. यावर नेहमीचा आक्षेप असा, की यात वेळ फार जातो. तो खरा आहे. पण बहुमताच्या सभेत गप्प बसलेल्याचे मत कोणाला लागत नाही. सर्वसहमतीच्या सभेत मात्र ते लागते. त्याच्या होकाराशिवाय पुढे जाता येत नसल्याने इतरांनाच त्याला विचारणे भाग पडते.

याला दूरदेशीच्या एका प्रयोगाचा दुजोरा मिळतो. अमेरिकेतील राजकीय अभ्यासक ख्रिस्तोफर कार्पोविट्झ व ताली मेंडेलबर्ग यांनी पाच-पाच जणांचे गट करून त्यांना एका प्रश्नावर निर्णय घ्यायला सांगितले. काही गटांत बहुमताचा नियम होता, काहींत एकमताचा. बहुमताच्या गटांत महिला अल्पसंख्य असल्या की त्या पुरुषांच्या तुलनेत बऱ्याच कमी बोलत. तितक्याच अल्पसंख्य महिला एकमताच्या नियमाखाली बसल्या, की हे अंतर जवळजवळ मिटत असे. उलट जेथे महिला बहुसंख्य होत्या, तेथे बहुमताचा नियमच त्यांना पोषक ठरला. स्वभाव तोच, नियम बदलला आणि बोलणे बदलले.

काठी हातात देणे

बोलण्याखेरीजही म्हणणे मांडता येते. १९८० आणि १९९० च्या दशकांत ग्रामीण सहभागी मूल्यावलोकन या नावाने जी पद्धत रुजली, तिचा पुरस्कार ब्रिटिश अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी केला. तिच्या घडणीत भारतातील स्वयंसेवी कार्यकर्त्यांचा मोठा वाटा होता. गावकऱ्यांनी जमिनीवर रांगोळी, बिया, खडे, काड्या वापरून आपल्याच गावाचा नकाशा काढायचा. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याने हातातली काठी गावकऱ्याच्या हाती द्यायची आणि स्वतः बाजूला बसायचे. रांगोळीच्या नकाशासमोर महिला सहज पुढे येतात, कारण ते माध्यम त्यांचे आहे. ‘येथे हातपंप आहे पण उन्हाळ्यात आटतो’, हे वाक्य उभे राहून सांगायला जड जाते. नकाशावर खडा ठेवून सांगायला जड जात नाही. जलयुक्त शिवार अभियानात आराखड्यापूर्वी झालेल्या शिवारफेऱ्यांतही असाच अनुभव येत असे. बांधावरून चालताना ज्याचे शेत असते तोच जाणकार ठरतो.

याहून साधा उपाय शाळेच्या वर्गातून आला आहे. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात शिक्षकांचे निरीक्षण केले, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी १ सेकंदच थांबतात असे आढळले. हा अवकाश ३ सेकंदांवर नेताच उत्तरे लांबली आणि एरवी गप्प असणारी मुलेही बोलू लागली. ‘कोणाला काही विचारायचे आहे का? नाही ना? मंजूर!’ हे एका श्वासात उच्चारणाऱ्या अध्यक्षांनी हा प्रयोग जरूर करून पाहावा. त्याला निधी लागत नाही.

एक पथ्य मात्र पाळले पाहिजे. गप्प बसलेल्याचे नाव घेऊन, सर्वांच्या माना त्याच्याकडे वळवून ‘तुम्ही बोला आता’ असे म्हणणे, हे प्रोत्साहन नव्हे. तो माणूस पुढच्या सभेला येतच नाही.

बोलल्यानंतर काय?

पद दिल्याने आवाज मिळतो का, याचे उत्तर संमिश्र आहे. १९८९ मध्ये शेतकरी संघटनेच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील काही गावांत संपूर्ण महिलांच्या ग्रामपंचायती निवडून आल्या होत्या. घटनादुरुस्तीने एक तृतीयांश जागा राखीव झाल्या आणि २०११ मध्ये राज्याने हे प्रमाण ५० टक्के केले. राघवेंद्र चट्टोपाध्याय व एस्थर डुफ्लो यांच्या २००४ मधील प्रसिद्ध अभ्यासात, पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात सरपंचपद महिलेसाठी राखीव असलेल्या ठिकाणी गावसभेतील महिलांचे प्रमाण ६.९ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर गेल्याचे दिसले. राजस्थानातील उदयपूरमध्ये असा फरक आढळला नाही. ‘सरपंचपती’ हा शब्द मराठीत का रूढ झाला, हे सांगायला नकोच.

तमिळनाडूतील ग्रामसभांच्या प्रत्यक्ष संभाषणांच्या नोंदींवरून रम्या पार्थसारथी, विजयेंद्र राव व नेत्रा पलनीस्वामी यांनी केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. महिला कमी बोलतात, विषय ठरविण्यात त्यांचा वाटा कमी असतो, आणि त्या बोलल्या तरी अधिकाऱ्यांकडून मुद्द्याचे उत्तर मिळण्याची शक्यताही कमी असते, असे त्यात दिसून आले. महिला आरक्षणाने महिलांच्या बोलण्यात फारसा फरक पडला नाही. मात्र त्यांचे म्हणणे ऐकले जाण्याची शक्यता वाढली. याच अभ्यासकांनी त्या राज्यातील ‘पुदु वाळ्वु’ या महिला गटांच्या प्रकल्पाचीही पाहणी केली. तेथे चित्र उलटे निघाले. गटांत तयार झालेल्या महिला ग्रामसभेला अधिक संख्येने आल्या, अधिक बोलल्या, अधिक वेळ बोलल्या. परंतु सभेचा विषय ठरविणे आणि अधिकाऱ्यांकडून उत्तर मिळविणे, यांत त्या इतर गावांतील महिलांच्या पुढे गेल्या नाहीत.

ही दोन निरीक्षणे शेजारी ठेवली, की प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. बोलते करण्याचे सारे उपाय न बोलणाऱ्यावर केले जातात, ऐकणाऱ्यावर क्वचितच. कष्टाने धीर गोळा करून विचारलेल्या प्रश्नाला ‘बघू’ असे उत्तर मिळाले, तर तो धीर दुसऱ्यांदा गोळा होत नाही.

ग्रामसभेच्या इतिवृत्तात, म्हणजे गावकरी ज्याला ‘प्रोसिडिंग’ म्हणतात त्या वहीत, याचा ठसा स्पष्ट उमटतो. ‘सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते मंजूर’ हे ठराविक वाक्य पानोपानी आढळते. कोणी काय विचारले, कोणी हरकत घेतली, त्याला काय उत्तर दिले गेले, याचा मागमूस त्यात नसतो. विचारणाऱ्याचे नाव आणि प्रश्न त्या वहीत लिहून घ्यायला, आणि मागील सभेचे इतिवृत्त वाचताना त्या प्रश्नाचे पुढे काय झाले ते सांगायला, कायद्याची कोणतीही आडकाठी नाही. मागील इतिवृत्ताचे वाचन हा विषयपत्रिकेवरील पहिलाच विषय असतो. त्या वेळी बहुतेक गावांत लोक अजून जमत असतात.